‘अडवायचं’ आणि ‘अडवलं’

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे हात जोडूनही नाही. आज सांगतोय ते मन भरून आलंय म्हणून, असं मात्र समजू नका. पंधरा दिवसांत हे तसंही उघड होणार आहे — आणि दुसऱ्या कुणी ते बाहेर काढावं, हे मला चालायचं नाही.

पाटोद्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून मी अर्ज लिहितो. निजाम सरकारचा कारभार सगळा उर्दूत, आणि आमची माणसं मराठी बोलणारी. अक्षरओळख असलेला शंभरात एखादा. मौलवींच्या छड्या खाऊन मी अलिफ-बे शिकलो, ते असं कामी आलं. अडलेनडलेले माझ्याकडे येतात, बोलतात, मी लिहितो, खाली ते अंगठा उठवतात. काय लिहिलंस, असं कुणी कधी विचारलंय? कधीच नाही. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — अजूनही आवडतं.

भागूबाई माझी थोरली वहिनी. भाऊ प्लेगात गेला, मागे ती आणि तिची तान्ही सोना. वाटणीत नाल्याच्या वरचं कोरडवाहू रान तिला आलं, खालचा मळा मला. नाला वाहायचा तिच्या बांधाला खेटून, आणि पाणी यायचं माझ्या विहिरीला. या बाईनं दोन उन्हाळे डोक्यावर चुंबळ ठेवून धोंडे वाहिले. एकटीनं. नाल्यात आडवे दोन थर रचले. मग कुणीतरी तिला बजावलं की सरकारी नाल्याला हुकमाशिवाय हात लावू नये. ती थेट माझ्याकडे आली.

“भाऊजी, लिवा. आमाला पाणी अडवायचं हाय, सरकारनं हुकूम द्यावा.”

अडवायचं! काय शब्द आहे बघा. वाटमारी करणारा वाट अडवतो, सासू सुनेला माहेरी जाताना अडवते, आणि कष्टाची बाई पाणी अडवते. शब्द तोच.

मी काय लिहिलं? — थांबा, सांगतो. आधी हे ऐका, की त्या वर्षी माझी विहीर काठोकाठ होती. मला कसलीच चणचण नव्हती. वर बांध पडला तर माझी केळी वाळतील, ही भीती होती, नाही कशाला म्हणू? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. घरात कर्ता पुरुष मी — आणि मला न विचारता हिनं धोंडे उचललेच कसे?

मी लिहिलं, ‘मी सरकारी नाल्याचं पाणी अडवलं आहे.’ ‘रोकना है’च्या जागी ‘रोक रखा है’. तेवढंच. मागणं होतं, त्याचा गुन्हा झाला. भागूबाईनं खाली अंगठा उठवला आणि माझ्यासाठी पदरातून आणलेली सीताफळं काढून ठेवली. चांगली पिकलेली होती. मी खाल्ली.

महिन्याभरात महसूल खात्याचे गिरदावर साहेब घोड्यावरून पाहणीला आले. त्यांना मराठी येत नव्हती, तिला उर्दू. मधे उभा मी. त्यांनी विचारलं, पाणी हिनं रोखलंय का? मी वहिनीकडे वळलो. “पाणी तुमीच अडवताय न्हवं?”

“मीच की! माज्या हातानं!” ती म्हणाली. किती खुशीत म्हणाली! तिला वाटलं, साहेब बांध बघायला आलेत.

शिपायांनी दुपारपर्यंत एकेक धोंडा उपसून फेकला. ती नाल्याच्या काठावर बसून बघत होती. “कावून, भाऊजी?” एवढंच तिनं विचारलं. “सरकारची मर्जी,” मी म्हणालो. नकाराचा हुकूम त्याच अर्जाच्या पाठीवर लिहून आला. आपण रीतसर मागितलं होतं याचा पुरावा म्हणून तिनं तो कागद देव्हाऱ्यात जपून ठेवला.

त्यानंतर बारा वर्षं भागूबाई माझ्या मळ्यात रोजानं खुरपायला येते. तिच्या नाल्याच्या पाण्यावर माझी केळी, आणि त्या केळीत ती. तो कागद मला कितीदा तरी लांबवता आला असता. देव्हारा उघडाच असतो. पण माझ्या अक्षराला मी चोरासारखा हात का लावू?

औंदा सोनाचं लग्न झालं. जावई बीडला कचेरीत कारकून, उर्दूत पक्का. हा अधिक महिना, धोंड्याचा, म्हणून भागूबाईनं त्याला जेवायला बोलावलंय. जेवणं झाली की तो कागद ती त्याला दाखवणार आहे. पुन्हा अर्ज करता येतो का, ते विचारायला. परवा खुरपं बाजूला ठेवून मला म्हणाली, “भाऊजी, तुमी बी या. तुमचंच अक्षर हाय, तुमी असल्यालं बरं.”

मी जाणार आहे. ती पुरणाचे धोंडे वाढील, वर तूप सोडील. मी खाईन. जावई हात धुऊन कागद उलगडील, एकदा वाचील, मग पुन्हा वाचील आणि मान वर करील. त्या वेळी मी तिथंच बसलेला असेन. मधे पडून त्याला अडवणार नाही.