कोपऱ्यातलं पाणी

शुभदाला शेवटची भेटले ती पनवेलच्या हॉस्पिटलात. बोलणं जड झालं होतं. घर, दागिने, बँक, कशाबद्दल बाई बोलेल तर शपथ. माझा हात धरून म्हणाली, “माझ्या भुंग्यांकडे बघशील ना गं?” मी चिडले. म्हटलं, “आधी स्वतःकडे बघ.” “माझं झालं आता बघून...” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या भावाचा फोन आला. त्याला काही आठवडे झालेत, पण सकाळी फोन वाजला की मी अजून लगेच उचलत नाही.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो, मी इतिहास, ती प्राणिशास्त्र. लोकांना मोर आवडतात, हिला गोड्या पाण्यातले भुंगे. काळे, बोटाच्या पेराएवढे, पंखाखाली हवेचा बुडबुडा घेऊन बुडी मारणारे. रजा मिळाली की बाई निघाली मोरा बंदरावर, तिथून होडीने एका छोट्या बेटावर. चौफेर खारं पाणी, मधे झऱ्याचा एक दगडी तलाव आणि त्यात तिचे भुंगे. एकदा मलाही फरफटत नेलं. होडीत मला मळमळत होतं आणि ही शिकवत होती. भुंग्याला चकाकेल ते पाणी वाटतं, गाडीच्या टपावरसुद्धा तो आपटतो. असाच एखादा वाऱ्याने भरकटत समुद्र ओलांडतो, नशीब असेल तर गोडं पाणी गाठतो. पोटात अंडी असलेली एकच मादी पुरते. मग पिढ्यान्‌पिढ्या... जे लांब उडायला जातात ते समुद्रात पडतात, आखूड पंखांचे घरी बसतात आणि टिकतात. तिच्या मते तिथले भुंगे इकडच्यांपेक्षा वेगळेच झाले होते, त्यांना उडताच येत नव्हतं. “त्यांना आता कुठेच जाता येत नाही गं,” ती म्हणाली. “हा तलाव गेला की संपलं.” हे मात्र तिने हसत सांगितलं नाही.

बेटावरचे लोक दर वर्षी देवीच्या जत्रेआधी तलाव उपसून लख्ख करायचे, अलीकडे त्यात चुनाही टाकायला लागले होते. शुभदाने हातापाया पडून त्यातला एक कोपरा मागून घेतला. तिथे दगड रचून पाणी अडवायचं, उपसायचं नाही, चुना घालायचा नाही. बायका आधी हसल्या. मग तलावाशेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या जनाबाईने तो कोपरा अंगावर घेतला. कोणी बादली घेऊन तिकडे वळलं की ही कडाडायची, “तो बायचा कोपरा हाय!” शुभदा तिच्याकडेच जेवायची, तिच्याच ओट्यावर आडवी व्हायची. सख्ख्या भावाकडे जितकी गेली नसेल तितकी ही तिथे राहिली.

शुभदा गेल्याचं जनाबाईला मीच फोन करून कळवलं. म्हातारी हमसून हमसून रडली. पुढे इथे तिचे दिवस झाले, मला उठवेनासं झालं होतं ते थोडं कमी झालं आणि मी एकटीच होडीत बसले.

जनाबाई धक्क्यावर उभी होती. हाताला धरून मला थेट तलावावर घेऊन गेली. कोपऱ्यातले दगड काढलेले होते.

“बाय आमची लेकच व्हती,” ती म्हणाली. “तिचा सुतक आमी पाल्ला. सुतकाचा पानी ठेवतान काय? सुतक फिटला, घरातले हंडे ओतले, नि तलावबी आख्खा उपसला. तिचा कोपरा मी सोता घासला.”

शुभदाच्या घरचे माठ मीही असेच ओतून घासले होते. परक्या माणसासाठी कोणी एवढं करत नाही. लेक मानलं म्हणूनच केलं, आणि त्यातच सगळं गेलं. रडावं की ओरडावं, काही कळेना. जनाबाईच्या बोटांची सालं चुन्याने निघाली होती.

“बरा केला ना?” तिने विचारलं.

“हो जनाबाई... बरं केलंत.”

ती चहा ठेवायला आत गेली. मी कोपऱ्यात गुडघे टेकले, कपारींत बोटं घातली, दगड उलटे करून पाहिले. एक तरी... फक्त एक. होडीवाला हाका मारेपर्यंत मी पाण्यात बघत होते. नवं पाणी इतकं नितळ होतं की तळाचा दगडन्‌दगड दिसत होता.