अनोळखी निरोपांची रांग

कान इकडे कर गं, इतक्यात फोनच नाही म्हणजे काय! आज तापलेल्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसताना पिपलानी कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमधली ती दुपार आठवली. परदेशी निघण्याआधी तू या कॉम्प्युटरमध्ये अनोळखी लोकांचे निरोप नाव लपवून पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर घातलं होतंस. ते निरोप एकदम सुटले की इंटरनेट तुंबून व्हिडिओ कॉल अडकायचा. तू गेल्यावर आपण बोलायचं कसं, याची मला धास्ती. म्हटलं, "नळावर कुणाला अख्खा ड्रम भरू देतो का आपण? एकेक कळशी, मग पुढचा." "आई, अगदी तस्संच लावते!" म्हणून हसलीस, आणि निरोप थोडे थोडे सुटू लागले. आपल्या कॉलची वाट मोकळी झाली, अजूनही मोकळीच असते. हिरवा दिवा लुकलुकतो, जगाचे निरोप माझ्या घरातून जातात, माझ्यासाठी एकही थांबत नाही. फोन राहू दे, तूच ये लवकर.