कुठल्याच गटात नसलेली रेघ

बिद्रीच्या अलीकडं आमचं गाव. गावात उसाला पाणी चुकेल, पण माणसाला गट चुकत नाही. पोर पाळण्यात असतं तेव्हाच ते हंबीररावांचं की आण्णांचं, हे ठरलेलं असतं. अशा गावात बाबासो नावाचा माणूस कुठल्याही गटात न जाता चाळिशीला पोचला. हे सोपं काम नाही, म्हणून त्याची गोष्ट सांगतो.

बाबासो दूध संस्थेत क्लार्क. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, मशीनवर दर ठरवणारी फॅट बघायची, कॉम्प्युटरवरून पावती काढून हातात द्यायची. दोन्ही गटांच्या किटल्या त्याच्यापुढं एकाच रांगेत उभ्या राहतात. "माझ्यावर गटाचा शिक्का बसला, की माझ्या फॅटवर कोण इस्वास ठेवंल?" असं तो बायकोला, संयोगिताला, सांगायचा. म्हणून दोन्ही गटांच्या लग्नांना तो जायचा आणि दोन्हीकडं सारखंच जेवायचा.

गणित घेऊन तो बी.एस्सी. झाला होता. गणिताचा गावाला काही उपयोग नव्हता, म्हणून त्यानं ते स्वतःपुरतं वापरलं. दूध नसताना बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कॉम्प्युटर जरा वेळ रिकामा राहिला, की काळ्या पडद्याच्या मधोमध एक ठिपका उगवायचा. त्यातून रेघ निघायची. घाई नाही, गडबड नाही. बांधावरून गुरं वळावीत तशी ती लांब जाऊन वळायची आणि पुन्हा मधे यायची. अशा तीन फेऱ्या झाल्या की तीन पाकळ्या. मग सगळं विरायचं आणि जरासं कलून पुन्हा सुरू व्हायचं. दुधाची फरशी धुऊन झाली, की बाबासो तिच्यासमोर बसून राहायचा. आयुष्यात एवढीच गोष्ट त्यानं स्वतः केली होती. बाकीच्या आपोआप झाल्या होत्या.

यंदा संस्थेची निवडणूक लागली. चेअरमन हंबीररावांच्या पॅनेलला पंखा हे चिन्ह मिळालं, आण्णांच्या पॅनेलला कपबशी. आचारसंहिता आली. आण्णांनी हरकत घेतली, म्हणून ऑफिसातल्या छताच्या पंख्याला पोतं बांधलं. हंबीररावांनी हरकत घेतली, म्हणून चहा पेल्यातून सुरू झाला. माणसं घामाघूम होऊन पेल्यातला चहा पीत लोकशाहीची वाट बघत बसली.

तेवढ्यात आण्णांची नजर पडद्यावर गेली.

"बाबासो, ह्यो पंखा कुणी लावला रं?"

"पंखा न्हवं आण्णा, रेघ हाय. गणितातली. तीनचा आकडा घातलाय, म्हणून तीन पाकळ्या."

"मग तीनच का? दुसरं आकडं संपलं हुतं?"

बाबासोनं दोनचा आकडा घातला. त्या गणिताची एक खोड आहे. आकडा विषम असला तर तितक्याच पाकळ्या येतात, सम असला तर दुप्पट. रेघेनं डौलात चार पाकळ्या काढल्या.

"तीन पात्यांनी भागंना, म्हणून चौथं बसवलंस व्हय?" आण्णा ओरडले. "आता वारं जास्त येणार म्हण की!"

बाबासोनं एक घातला. एकाच्या आकड्याला निव्वळ गोल येतो. संध्याकाळी हंबीरराव आले, गोल बघितला आणि खुर्चीवर मटकन बसले.

"बशी काढलीस न्हवं? कप कवा आणतोस?"

"चेअरमनसाहेब, गोल हाय त्यो."

"बशी काय चौकोनी असती व्हय रं?"

दुसऱ्या दिवसापासून रांगेत कुजबुज सुरू झाली. ज्याची फॅट कमी लागली, तो पडद्याकडं बघायला लागला. पंख्याची माणसं म्हणायची, ह्यो कपबशीचा. कपबशीची म्हणायची, ह्यो पंख्याचा.

शेवटी निवडणूक अधिकारी आले. त्यांनी खूप विचार केला आणि दूध घेताना पडदा उघडा, बाकी वेळ झाकलेला, असा आदेश काढला. बाबासोनं टॉवेल टाकला. झाकलेलंच आहे, मग आपल्या आवडीचं का नको, म्हणून आत पुन्हा तीनचा आकडा घातला.

मतदान त्याच खोलीत होतं. दुपारी दारातून वारं आलं आणि टॉवेल घसरला. कुणी तरी तो पुन्हा टाकेपर्यंत रांगेनं पडदा बघून घेतला होता. निकाल लागला, पंखा आला.

सत्काराच्या दिवशी हंबीररावांनी बाबासोला स्टेजवर ओढला. "ह्या आमच्या वाघानं ऐन टायमाला टॉवेल सारला!" म्हणत शाल उघडली.

बाबासोनं त्यांचा हात धरला. "साहेब, शाल नको. टॉवेल वाऱ्यानं पडला. मी तुमचा न्हाय."

मंडपातली पिपाणी थांबली. हंबीररावांनी विचारलं, "म्हंजे त्यांचा?"

"त्यांचाबी न्हाय."

रात्रीचं जेवण व्हायच्या आत आण्णा दारात हजर. हातात शाल. "शाब्बास! भर सभेत त्याचं नाक कापलंस. आपलाच तू!"

"आण्णा, मी तुमचाबी न्हाय. चहा घ्या आणि जावा."

आण्णा चहा न घेता गेले.

मग गावानं कधी बघितलं नव्हतं ते घडलं. सर्वसाधारण सभेत विषय मांडला हंबीररावांनी आणि अनुमोदन दिलं आण्णांनी. कॉम्प्युटर रिकामा असताना पडद्यावर कोणतीही आकृती दिसू नये. "मंजूर! मंजूर!" दोन्ही बाजू एका सुरात ओरडल्या. ज्या सभेत पूर्वी खुर्च्या उडायच्या, तिथं माणसं एकमेकांना तंबाखू मळून देत होती. ठराव टाईप करायला बाबासोच होता. त्यानं तो केला आणि प्रोग्रॅम काढून टाकला. घरी कॉम्प्युटर नाही, तेव्हा रेघेला जायला दुसरी जागाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीररावांच्या भावकीतल्या बायडाबाईची फॅट कमी लागली. तिनं पावती डोळ्याजवळ धरली. मग पडद्याकडं बघितलं, तिथं ना पंखा ना बशी. बाबासोकडं बघितलं.

"सूनबाईनंच पाणी घातलंय," ती म्हणाली आणि किटली आपटत तरातरा घराकडं गेली.