आबांची झोप

जाफराबादकडच्या कपाशीच्या प्लॉटवर दैवशालाला सगळ्या बायका झोपाळू म्हणतात, आणि अगदी तोंडावर म्हणतात. संकरित बियाण्याचं काम नाजूक असतं. सकाळी मादीच्या फुलावर नराचं फूल घासायचं अन् घासलेल्या फुलाच्या देठाला दोरा बांधायचा, म्हणजे त्याला पुन्हा कुणी हात लावत नाही. दैवशालाची दहा फुलं होतात आणि अकराव्याला डोळा लागतो, तोही उभ्या उभ्या. बरं, जागी असली तरी चिमटीत धरलेलं फूल तिला लवकर सोडता येत नाही, बोटं आखडून बसतात. बायका हसतात. हसू द्या मेल्यांना! तिला त्या हसण्याचं काही वाटत नाही. तिला भीती वाटते ती आबांची.

आबा म्हणजे तिचे वडील, कारभारी. माणूस देवमाणूस, पण दिवसाढवळ्या पेंगायचे. ताटावर पेंगायचे, सोयऱ्याच्या मांडवात पेंगायचे. एकदा तर एसटीत झोपले अन् उतरायचं गाव मागं टाकून पार चिखलीला पोचले. गाव म्हणायचं आळशी, घरचे म्हणायचे सोंग. तोंडावर पाण्याचे हबके मारून झाले, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. "अंगात जोरच न्हाई गं माय, मी काय करू?" एवढंच म्हणायचे बिचारे. कुणी ऐकून घेतलं? दैवशालानंही नाही. ती तर चांगली फटकळ, चारचौघांत बापाची लाज काढायची.

बारा वर्षांमागची गोष्ट. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आबा बांधावरच्या बाभळीला टेकून बसले होते, मान खाली घालून. बायकांना गंमत सुचली. दैवशालानंच दोरा काढला अन् बापाच्या करंगळीला बांधला.

"आबाचं काम झालं गं! आता यांना कुणी हात लावू नका!"

सगळ्या खदाखदा हसल्या, भाकरी खाऊन कामाला लागल्या. चार वाजता ती उठवायला गेली तर अंग गारठलेलं. काळीज कधी बंद पडलं कुणास ठाऊक.

दोरा बांधला तेव्हा आबा जिवंत होते का, हे तिला आजही माहीत नाही. बोट गार लागलं होतं का? आठवत नाही. आठवायला बसली की झोप येते, अन् झोपेत बाभळीखाली आबा दिसतात, करंगळी पुढं केलेली. "सोड की गं, माय," म्हणतात. ती सोडायला जाते, तर तिचीच बोटं आखडतात.

यंदा तिच्या नवऱ्यानं, रामप्रसादनं, तिला जालन्याला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. बाई म्हणाल्या, हा स्नायूंचा आजार आहे, आईबापाकडून येतो. ही झोप, हा थकवा म्हणजे आळस नव्हे, तो आजारच. वडिलांनाही हाच असणार. दैवशाला तिथंच ओक्साबोक्शी रडली. रामप्रसादला वाटलं, घाबरली. छे! आपला बाप खरं बोलत होता, त्याचं रडू होतं ते.

"मुलंबाळं?" बाईंनी विचारलं.

"एक पोरगी हाय, साक्षी. आठवीला."

"तिलाही आणा. तिलाही असायची निम्मी शक्यता आहे. आधी कळलं तर हृदयावर लक्ष ठेवता येतं."

दोन महिने दैवशालानं टाळलं. कधी वेचणी आडवी आली, कधी पोरीची परीक्षा. खरं कारण वेगळंच होतं. कळलं नाही तोवर पोरगी बरी आहे, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. पण साक्षी शाळेतून आली की दप्तरावरच डोकं टेकायची, अन् ही भाजी चिरायची सोडून तिची छाती हलते का ते बघत बसायची. वैऱ्यावर येऊ नये असलं बघणं!

शेवटी एका रविवारी दुपारी तिला राहवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडून करून घेतलं होतं, तेच तिनं पोरीला सांगितलं.

"साक्षे, मूठ आवळ घट्ट. आता उघड पटकन."

पोरीनं आवळली. उघडताना बोटं सावकाश, एकेक करून सुटली. पोरीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"असंच उघडतंय की आई सगळ्यांचं," साक्षी म्हणाली. "तुझंबी असंच उघडतंय."

दैवशालानं तो हात दोन्ही हातांत धरला.

"न्हाई गं बाई. सगळ्यांचं न्हाई." मग तिनं रामप्रसादला हाक मारली. "उद्या पहिल्या गाडीनं जालन्याला जायचं. तिघांनी."

त्या दुपारी, कितीक वर्षांनी, दैवशालाला झोप आली नाही.