ओगराळंभर पाणी

हेल्मी कांगास ही बाई कुणाचं ऐकणाऱ्यातली नव्हे. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठच्या, फिनलंडहून आलेल्यांच्या त्या गावात तिने एकतीस वर्षं शाळेच्या खानावळीत स्वयंपाक केला, आणि दोन पिढ्यांना ताटातलं बीट संपवल्याशिवाय उठू दिलं नाही. हेडमास्तरसुद्धा तिच्यासमोर मुकाट्याने बीट खायचे. पण फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याला, आर्विडला, हार्ट अटॅक आला आणि ही वाघीण वर्तमानपत्राच्या कात्रणांना भ्यायला लागली.

कात्रणं फ्रिजच्या दारावर. कॉफी वाईट, कॉफी चांगली. अंडं विष, अंडं अमृत. लसूण, दालचिनी, कुठल्याशा बियांचं तेल. शेजारीण लेंपी रोज एक नवं कात्रण आणून द्यायची. वाईट म्हणून छापलेलं हेल्मी बंद करी, आणि चांगलं म्हणून छापलेलंही 'उगीच विषाची परीक्षा कशाला' म्हणून बंद करी. राहता राहिला उकडलेला बटाटा, तोही बिनमिठाचा.

"हेल्मे, अटॅकनं नाही मेलो, पण या बटाट्यानं मरणार बघ," आर्विड म्हणायचा.

"गप गिळ."

बटाटा तो सोसत होता. सोसवत नव्हता तो सौनेवाचूनचा शनिवार. अंगणामागची सौना त्याच्या बापाने बांधलेली. लाकडाची एवढीशी खोली, भट्टीवर दगड, दगडांवर लाकडी ओगराळ्याने पाणी मारायचं की भसकन वाफ उठते. आर्विडचा जन्मच त्या खोलीतला. त्या काळी घरादारात तेवढीच जागा स्वच्छ आणि ऊबदार. सैन्यात होता ती दोन वर्षं सोडली तर त्याने शनिवार कधी चुकवला नव्हता. आता हेल्मीने दाराला कुलूप घातलं होतं आणि किल्ली एप्रनच्या खिशात.

"डॉक्टरांनी सांगितलंय का?" त्याने विचारलं.

"मी सांगतेय."

कुलपामागचं खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. अटॅकच्या आदल्या संध्याकाळी दोघं सौनेत बसलेली असताना आर्विड म्हणाला होता, "बास आता, उठू या." आणि ही म्हणाली होती, "एवढ्यात? म्हातारा झालास की काय!" म्हणाली, आणि दगडांवर आणखी एक ओगराळं रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवरचा बर्फ उपसताना तो फावड्यासकट आडवा झाला. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं की नवरा मरता मरता वाचला तो आपल्या हातून. सांगणार कुणाला, आणि कुठल्या तोंडाने?

इस्पितळात आठवड्यातून दोनदा आर्विडला छातीला वायरी लावून ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवायचे. तिथली नर्स कोरीन ट्रेगीअर हेल्मीच्याच हातचं बीट खाऊन वाढलेली. एप्रिलातल्या एका सकाळी हेल्मीने कात्रणांचं जाडजूड पाकीट तिच्या टेबलावर आपटलं.

"यातलं खरं कुठलं तेवढं सांग बाई. डोक्याचा भुगा झालाय माझ्या."

"मी नाही सांगणार, कांगासबाई. तुम्हीच निवडायचं," कोरीन म्हणाली. "प्रत्येकाला विचारायचं, कुणावर करून पाहिलंत? किती जणांवर? ज्यांना दिलं नाही त्यांचं काय झालं? आणि सांगणारा तेच विकतोय का?"

हेल्मीला हे लगेच पटलं. "बरोबर आहे. एका पोराला सूप आवडलं म्हणून मी कधी चारशे पोरांचं पातेलं चढवलं नाही."

दोघी निवडायला बसल्या, तांदळातले खडे काढावेत तशा. बियांचं तेल उंदरांवर. दालचिनी उंदरांवर. लसणाची गोळी लसणाच्या गोळ्या विकणाऱ्याची. उंदरांचा ढीग वाढतच गेला.

"अगं, पण आर्विड काही उंदीर नाही!" हेल्मी भडकली.

"बटाटे खाऊन खाऊन होत चाललोय," पट्ट्यावरून आवाज आला.

माणसांवर नीट तपासलेलं असं मूठभरच उरलं. डॉक्टरांच्या गोळ्या न चुकवणं, रोज चालणं, मीठ बेताचं, भाज्या आणि मासे भरपूर. दोन कप कॉफीलाही कोरीनची ना नव्हती. आर्विडने तिथल्या तिथे टाळी वाजवली.

मग हेल्मीने खिडकीबाहेर बघत, सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि सौना?"

कोरीनने कॉम्प्युटरवर शोधून शोधून वाचलं. "फिनलंडात पुष्कळ माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवलीय. वरचेवर सौना घेणारे हृदयविकाराने कमी दगावले. पण—"

"पण धडधाकट माणसंच जात असतील की!" हेल्मी मध्येच म्हणाली. "आजारी माणूस घरी पडून राहतो."

"शिकलात की हो! म्हणजे सौना औषध आहे असं म्हणता येणार नाही. पण दुखणं आटोक्यात असेल, डॉक्टर हो म्हणाले, तर थोडा वेळ, बेताच्या उष्णतेत बसायला हरकत दिसत नाही. बिअर मात्र नाही. आणि नंतर तुमच्या रिवाजाप्रमाणे गोठलेल्या सरोवराला भोक पाडून गार पाण्यात उडी तर मुळीच नाही."

"उडी नाही?" आर्विडचा चेहरा पडला.

"नाही म्हणजे नाही!"

आणि मग हेल्मीला राहवेना. त्या संध्याकाळचं ओगराळं तिने एका दमात सांगून टाकलं आणि एप्रनचं टोक तोंडाशी धरून रडायलाच लागली.

कोरीनने पट्टा बंद केला. "कांगासबाई, एका माणसाच्या एका सकाळचं शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही. पण यांच्या रक्तवाहिन्यांत चरबी साठत होती ती वीसेक वर्षं. ती तुमच्या ओगराळ्यातून नाही आली. आणि थंडीत जड बर्फ उपसताना अटॅक येतात, हे तर अनेक ठिकाणी मोजून पाहिलेलं आहे. बर्फ यांनी उपसायचाच कशाला?"

आर्विड खाली बघू लागला. "हिनं लेंपीच्या नवऱ्याला बर्फ काढायचं मशीन घेऊन बोलावलं होतं. मीच त्याला फोन करून येऊ नको म्हणालो."

हेल्मीचं रडं जागच्या जागी थांबलं. "काय? दोन महिने मी आतल्या आत जळतेय, आणि हा मेला—" पुढचं जे ती बोलली ते इस्पितळात बोलण्यासारखं नव्हतं. पण आर्विडला ते ऐकून बरं वाटलं. फेब्रुवारीपासून तिने त्याला धड शिवी दिली नव्हती. घरी जाताना गाडीत तिला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता येत होता.

डॉक्टरांनी परवानगी दिली. शनिवारी दुपारी लेंपी नवं कात्रण घेऊन आली, तर हेल्मीने दारातच अडवलं. "उंदीर की माणूस?" लेंपी आल्या पावली परत गेली.

संध्याकाळी कुलूप निघालं. भट्टी नेहमीच्या निम्मीच पेटवली होती. दोघं खालच्या बाकावर टेकली, तिथे धग कमी. आर्विडने ओगराळं तिच्यापुढे धरलं. तिचा हात मागे गेला.

"घाल गं."

तिने अर्धं घातलं. वाफ आली, पाठीवरून फिरली, आणि आर्विडने डोळे मिटून "हाऽऽ" केलं. दहा मिनिटं तशीच गेली.

मग हेल्मी म्हणाली, "बास आता, उठू या."

"एवढ्यात?" आर्विड हसला. "म्हातारी झालीस की काय!"

"झालेय," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला उठवलं. "तूही हो माझ्याबरोबर."