मेहकरच्या अंगणातलं डेटा स्ट्रक्चर

मलकापूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा माय खिडकीचा गज धरून चार पावलं बरोबर चालली. "तिकडं बोलत राह्यजो वं, गप्प बसू नको," एवढंच ती म्हणाली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. ते मागे उभे राहून हातातली छत्री उगाच उघडत-मिटत होते. धामणगाव बढ्याहून पुण्याला कॉम्प्युटर शिकायला निघालेली मी पहिलीच मुलगी. त्याचा मला केवढा अभिमान होता! भुसावळ येईपर्यंत तो पार उतरला आणि मी पदराआड तोंड लपवून रडले.

तुमच्यापैकी जे गावातच राहिलात त्यांना, आणि माझ्यासारखे निघून गेलात त्यांनाही, मला आज शोभाबद्दल सांगायचंय.

आमच्या कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटर एकच, तोही काचेआड, थंड खोलीत. आम्ही कार्डांवर भोकं पाडून प्रोग्राम लिहायचो, ती गड्डी खिडकीत द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी चुकांनी भरलेला लांबलचक कागद परत घ्यायचो. तरी तिथवर निभत होतं. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती रचून ठेवायचं शास्त्र, आलं आणि माझा धीरच सुटला. सरांचं इंग्रजी भरधाव, माझी शाळा मराठी. एकदा लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता असलेली साखळी, शिकवताना सर माझ्यापाशी थांबले आणि त्यांनी काहीतरी विचारलं. घाबरून तोंडातून घरचीच भाषा निघाली, "मले नाही समजलं, सर."

वर्ग हसला. पुढच्या बाकावरून कुणीतरी "मले, मले" करून दाखवलं. मी मान खाली घातली. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "मले बी नाही समजलं, सर. पुन्हा सांगा."

ती शोभा. तोवर ती इतकं स्वच्छ पुणेरी बोलायची की मला ती तिथलीच वाटत होती. सरांनी पुन्हा समजावलं. हॉस्टेलच्या वाटेवर ती म्हणाली, "मी मेहकरची वं. मले त पहिल्याच खेपेले समजलं होतं."

त्या दिवसापासून आम्ही एका खोलीत राहू लागलो. बाहेर पुणेरी, दार लावलं की वऱ्हाडी. शेंगदाण्याच्या ठेच्याबरोबर पोळी खात ती मला पोळ्यांच्या चळतीवरून स्टॅक आणि रांगेवरून क्यू समजावायची. मला दोन्हींची भूक असायची, शिकण्याचीही आणि त्या बोलण्याचीही.

मग तिचे वडील गेले. शेतातून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी कलंडले. शोभा गेली ती परत आलीच नाही. परीक्षा तोंडावर आली. मी वर्गात एकटी, खोलीत एकटी. कित्येकदा दिवसभरात एक शब्दही बोलायचे नाही. शेवटी तिला घेऊन यायचं ठरवून मी निघाले आणि जालन्याला गाडी बदलून मेहकरला पोचले.

आमच्या भागात नवं माणूस दारात आलं की आधी आडनाव विचारतात. पाण्याचा तांब्या हातात द्यायचा की ओंजळीत वरून पाणी ओतायचं, ते त्यावरून ठरतं; आमचं ऐकलं की बहुतेक वरूनच. शोभाच्या आईनं आडनाव विचारलंच नाही. मला शोभाशेजारी बसवून म्हणाली, "जेव वं पोरी. आमची शोभा तिकडं तुह्याच जवळ होती ना?"

जेवणं झाल्यावर मी शोभाला म्हटलं, "चाल. परीक्षा दे आन् मंग वापस ये."

"आन् पेरनी कोन पाहीन? लहानी दोघं शाळेत हायेत. मायनं आजवर घराबाहेरचं काही पाह्यलं नाही."

"मंग मी बी नाही देत."

ती इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "काऊन नाही देत? पुस्तक काढ. काढ आधी!"

आणि तिनं मला अंगणात बसवून शिकवायला सुरुवात केली. चुलीतल्या कोळशानं फरशीवर चौकोन काढले. "हे पाय, पॉइंटर म्हनजे निसता पत्ता. पत्ता म्हनजे घर नाही वं. मधलं घर काढाचं असन त आधी त्याच्या मागच्याले पुढचा पत्ता दे, मंग काढ. नाही त पुढचे सारे हरवतात." वर्षभर डोक्यात न शिरलेलं कसं झटकन उमगलं! मी आठवडाभर राहिले. ती गोठ्यात दूध काढता काढता ट्रीचे, फांद्या फुटत जाणाऱ्या रचनेचे, प्रश्न विचारायची, मी उंबऱ्यावरून उत्तरं द्यायचे. चुकले की धारेचा आवाज थांबायचा.

निघताना स्टँडवर मी पुन्हा "चाल" म्हटलं. ती म्हणाली, "दोघींतली एक त गेली पायजे." एसटी सुटायच्या आतच ती पाठ फिरवून निघून गेली.

मी पास झाले. मुंबईला नोकरी लागली, मग टोरांटो, लग्न, मुलं, आता नातवंडं. भावंडं मार्गी लागल्यावर शोभानं बुलढाण्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. पुरी केली आणि मेहकरातच मुलींना गणित शिकवलं. एकदा धीर करून मी तिला विचारलं, "पस्तावा होते का वं?"

"होते कधी कधी," ती म्हणाली. "खोटं काऊन बोलू? लय आवडे मले ते."

 

आता माय नाही, बाबा नाहीत. भावानं धामणगावचं घर विकलं आणि तो नाशिकला गेला. इथं टोरांटोत मीटिंगांमधून आयुष्य गेलं, नातवंडांशी इंग्रजीत बोलते, आणि आठवडेच्या आठवडे असे जातात की ‘मले’ म्हणायला समोर कुणी नसतं. भारतात आले की भाऊ म्हणतो, ताई, इथंच राहा. दोन दिवस राहते. तिसऱ्या दिवशी मेहकरची गाडी धरते.

शोभा स्टँडवर उभी असते. केस पांढरे झालेत, पाठीला थोडा बाक आलाय, तरी माझी बॅग हिसकावून घेते. "लय वाळली वं तू," म्हणते. "चाल घरी."

‘माझ्या घरी’ असं ती कधीच म्हणत नाही. मीही तिच्यामागं चालू लागते.