राखेने घासलेला बोर्ड

शहापूरच्या बाजारात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. त्या दिवशी मुरबाडकडच्या एका गावातून एक मावशी आल्या. नवऱ्याला घरी ऑक्सिजन देणारं मशीन बंद पडलेलं, त्याच्या पॉवर सप्लायचा बोर्ड फडक्यात बांधून आणलेला. उसना आणलेला सिलेंडर संध्याकाळपर्यंतच पुरणार होता. तोवर मशीन चाललं नाही तर म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यावं लागणार. आणि मागच्या खेपेला तिथून आल्यापासून त्याचं एकच मागणं, मला परत तिकडे नेऊ नका.

फडकं सोडलं आणि मी चक्रावलोच. बोर्ड भांड्यासारखा लख्ख! विचारलं तर म्हणाल्या, कोणीतरी सांगितलं आत ओल धरली असेल, म्हणून चुलीवरच्या फळीवर ठेवला, सुकी मासळी आणि बियाणं ठेवतो तिथेच. त्याला काजळी धरली. मग मिस्तरीच्या हातात असली काळी वस्तू द्यायची कशी, म्हणून राख आणि काथ्या घेऊन घासला.

माझं टाळकंच सरकलं. आयसीवरचा नंबर गेला, रेझिस्टरचे रंगीत पट्टे गेले, कोण काय आहे कळायला काही ठेवलंच नव्हतं बाईंनी. पण ओरडायचं तरी कोणावर?

फ्यूज ओळखला, मोठा कपॅसिटर ओळखला, दोन्ही बदलले. अडलं ते सहा पायांच्या बारक्या जळलेल्या आयसीपाशी; नंबराशिवाय तिच्या जागी कुठली लावायची कळेना. भिंग लावलं, मीटर लावला, बोर्ड दिव्याखाली तिरका धरून पाहिला. कल्याणच्या ओळखीच्या दुकानदाराला फोटो पाठवला, तर तो म्हणतो नंबर सांग. अरे शहाण्या, नंबर असता तर तुला कशाला विचारलं असतं? कंपनीला फोन केला, नवीन बोर्ड यायला आठवडा. शेवटी अंदाजाने माझ्याकडची एक आयसी लावली आणि तपासायला सिरीजला बल्ब जोडून बटण दाबलं. बल्ब भक्कन पेटला आणि पेटलेलाच राहिला. म्हणजे शॉर्ट. तीही गेली.

तेवढ्यात मावशींना घरून फोन आला. काम चाललंय, होतंय, असं त्यांनी सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, नाय होणार," मी म्हटलं. "गाडी सांगा. काकांना न्या."

त्यांनी बोर्डवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "मी घासला म्हणून झालं का रे दादा हे?"

खरं तर नंबर शाबूत असता तर तासाभराचं काम होतं.

"नाय मावशी, आधीच जळलेला. घासून काय होतंय त्याला?"

त्यांचा जीव भांड्यात पडला. पदराने तोंड पुसलं, स्टूल जवळ ओढलं आणि बोर्ड माझ्यापुढे सरकवला.

"मग अजून एकदा बघ ना."

काय करणार, मी मीटर उचलला.